ऑस्करचं भाकीत करायचंय? आधी मतदार कोण आणि मोजणी कशी, ते बघा

विचारणाऱ्यांनी तीन प्रश्न एकात गुंफले आहेत. नामांकनं जाहीर झाल्यावर विजेत्यांचा अंदाज कशावरून बांधायचा? ‘बार्बी’साठी ग्रेटा गर्विगला दिग्दर्शनाच्या यादीतून का डावललं? आणि शेवटी हा सगळा पैशाचा, लॉबिंगचाच खेळ नाही का?

मी दर मोसमात माझे अंदाज लेखी मांडतो आणि त्यावरून वाचकांच्या शिव्याही खातो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल. कॅम्पेनवर पैसा ओतला जातो आणि त्याचा परिणामही होतो. १९९९ साली ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या हातातोंडाशी आलेला घास ‘शेक्सपिअर इन लव्ह’नं हिरावला, तेव्हाची मोहीम आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण शर्यतीतले झाडून सगळेच पैसा ओतत असतील, तर पैशावरून कोण जिंकणार हे कसं कळणार? शिवाय २०२३ मध्ये उलटंही घडलं. ‘टू लेस्ली’ या जेमतेम प्रदर्शित झालेल्या छोट्या सिनेमासाठी आंद्रिया राइजबरोला नामांकन मिळालं. जाहिरातबाजीला पैसा नव्हता. नामवंत नटनट्यांनी आपापल्या सोशल मीडियावरून तिची बाजू लावून धरली, एवढंच. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्या प्रचाराची चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवलं. इतक्या थोड्या लोकांच्या आग्रहानं ते साधलं कसं? याचं उत्तर मोजणीत आहे.

अंतिम फेरीत अकादमीचे सगळे सदस्य सगळ्या विभागांत मत देऊ शकतात, हे बहुतेकांना माहीत असतं. नामांकनाचं तसं नाही. तिथे प्रत्येक कामाची वेगळी शाखा असते: दिग्दर्शकांना दिग्दर्शक निवडतात, नटांना नट, संकलकांना संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं तेवढी सगळे मिळून ठरवतात. शाखेच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो: पहिला, दुसरा, तिसरा, असं पाचपर्यंत. हा पसंतीक्रम मोजतात कसा, ते जरा सावकाश बघू.

समजा एखाद्या शाखेतून ६०० मतपत्रिका आल्या आणि जागा पाच आहेत. मतांना जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सहानं भागायचं आणि एक मिळवायचा: १०१. ज्याला पहिल्या पसंतीची १०१ मतं पडली, त्याची वर्णी लागली. त्याला या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त मतं पडली असतील, तर वरची मतं अपूर्णांकात पुढच्या पसंतीकडे वळवतात. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला द्यायच्या, आणि पाच जागा भरेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

आता दोन उमेदवार घ्या. एकाला ६०० पैकी जेमतेम १०५ लोकांनी पहिलं ठेवलंय आणि बाकीच्यांना तो अजिबात आवडत नाही. दुसऱ्याला ४०० लोकांनी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवलंय, पण पहिली पसंती फक्त ३० जणांची आहे. चार मित्रांच्या गप्पांत दुसरा ‘नक्की’ वाटतो, कारण त्याचं नाव प्रत्येकाच्या यादीत असतं. मोजणीत पहिला आत जातो आणि दुसरा बहुधा लवकर गळतो. ज्या पत्रिकेचा पहिला उमेदवार टिकून असतो, तिच्यावरची तिसरी पसंती कुणी वाचतच नाही. सतरा टक्के लोकांचं झपाटलेपण सत्तर टक्के लोकांच्या ‘बरा आहे’ला हरवतं. राइजबरोचं गणित हेच. आणि ‘यांना डावललं’ म्हणून ज्यांची नावं निघतात, त्यातल्या निम्म्याअधिक जणांचं घोडं इथेच पेंड खातं.

त्यामुळे नामांकनांचा अंदाज करताना ‘हा सिनेमा किती लोकांना आवडला’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘त्या शाखेतल्या किती जणांचा हा सगळ्यात आवडता असेल’ असं विचारा.

गर्विगकडे येऊ. अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेनं, म्हणजे डीजीएनं, २०२४ मध्ये गर्विग, नोलन, स्कॉर्सेसी, लॅन्थिमोस आणि अलेक्झांडर पेन अशी पाच नावं दिली. अकादमीच्या दिग्दर्शक शाखेनं त्यातली तीन ठेवली आणि गर्विग-पेनच्या जागी जोनाथन ग्लेझर आणि जस्टिन त्रिए यांना घेतलं. हे त्या एका वर्षापुरतं असतं, तर मीही भुवया उंचावल्या असत्या. पण मागे जाऊन बघा. २०१९: पावेल पावलिकोव्हस्की आत, डीजीएच्या यादीतले ब्रॅडली कूपर आणि पीटर फॅरेली बाहेर. २०२१: थॉमस विंटरबर्ग आत, आरन सॉर्किन बाहेर. २०२२: र्‍युसुके हामागुची आत, दनी विल्नव बाहेर, त्याच्या ‘ड्यून’नं त्या रात्री सहा ऑस्कर नेले, तरीही. २०२५: कोराली फार्जा आत, एडवर्ड बर्गर बाहेर. डीजीएत टीव्हीवाले, सहायक दिग्दर्शक, युनिट मॅनेजर धरून हजारो सभासद आहेत. अकादमीची दिग्दर्शक शाखा काहीशे लोकांची, आणि त्यात जगभरातले, महोत्सवांत वावरणारे बरेच. म्हणून डीजीएची पाच नावं जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. एक खोडा आणि तिथे अमेरिकेबाहेरच्या दिग्दर्शकाचं किंवा महोत्सवात गाजलेल्या सिनेमाचं नाव लिहा. गेल्या काही वर्षांत या एका सवयीनं मला जितका हात दिलाय, तितका कुठल्याही आकडेमोडीनं दिलेला नाही.

या शाखेला मोठ्या, यशस्वी, सर्वांना आवडणाऱ्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला घरी बसवायची जुनी खोड आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग (‘द कलर पर्पल’), रॉन हॉवर्ड (‘अपोलो १३’) आणि बेन ॲफ्लेक (‘आर्गो’) या तिघांनी डीजीए पुरस्कार जिंकला, पण ऑस्करसाठी त्या सिनेमाचं साधं नामांकनही त्यांना मिळालं नाही. ‘आर्गो’च्या वर्षी तर डीजीए आणि ऑस्करच्या यादीत दोनच नावं सारखी होती, स्पीलबर्ग आणि आंग ली. तरीही ‘आर्गो’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, कारण तिथे मत दिग्दर्शक शाखेचं नव्हतं, सगळ्यांचं होतं.

म्हणजे गर्विगच्या बाबतीत लिंगभावाचा मुद्दाच नाही? असं मी म्हणणार नाही. त्याच यादीत त्रिए होती, गर्विगला रूपांतरित पटकथेचं आणि मार्गो रॉबीला निर्माती म्हणून नामांकन होतं, सिनेमाला एकूण आठ नामांकनं होती. तेव्हा ‘बार्बी’ला हाकलून लावलं हे काही पटण्यासारखं नाही. पण सगळा इतिहास समोर ठेवला तर चित्र वेगळं दिसतं. २०२० च्या सोहळ्यापर्यंत दिग्दर्शनाच्या नामांकनात मोजून पाच स्त्रिया होत्या, आणि जिंकणारी एकटी कॅथरीन बिगेलो, तीही २०१० मध्ये. क्लोई झाओ आणि जेन कॅम्पियन त्यानंतरच्या. अभिनयाचंही तसंच. २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोन वर्षं, चारही विभागांतली वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना मिळाली, आणि त्यानंतर उठलेल्या ओरड्यामुळेच अकादमीनं सदस्यांची दारं उघडली. एका वर्षाच्या एका नावावरून नियत ठरवता येत नाही, पण दशकांच्या याद्यांवरून ठरवता येते. वाद घालायचाच असेल, तर तो दशकांच्या याद्या घेऊन घाला.

वादाची आणखी एक अट मी पाळतो. ‘अमक्याला डावललं’ म्हणणाऱ्याला मी विचारतो: पाचातून कोणाला काढू? ‘बार्बी’ची नायिका रॉबी अभिनेत्रींच्या यादीत नव्हती; त्या वर्षी तिथे एमा स्टोन, लिली ग्लॅडस्टोन, सँड्रा ह्यूलर, कॅरी मलिगन आणि ॲनेट बेनिंग होत्या. यातलं एक नाव खोडून दाखवा, मग बोलू. दहातल्या आठ चर्चा इथेच संपतात. उरलेल्या दोन मात्र ऐकण्यासारख्या असतात, कारण समोरच्यानं पाचही सिनेमे पाहिलेले असतात.

काही ‘डावलणं’ तर मुळात डावलणंच नसतं, नियमांचा फटका असतो. ‘अरायव्हल’मधलं योहान योहानसन याचं संगीत अपात्र ठरलं, कारण सिनेमात मॅक्स रिक्टरची आधीची रचना महत्त्वाच्या जागी वापरली होती. मतदारांपर्यंत ते पोचलंच नाही, मग त्यांना बोल लावून काय उपयोग? अभिनयात विभागाचा घोळ होतो. प्रमुख की सहायक, हे स्टुडिओ सुचवतो, पण ठरवतात मतदार. केट विन्स्लेटला ‘द रीडर’साठी गोल्डन ग्लोब आणि नटांच्या संघटनेचा सॅग, दोन्ही सहायक म्हणून मिळाले, अकादमीच्या नटांनी तिला प्रमुख अभिनेत्रींत बसवलं आणि ती तिथे जिंकली. २०२१ मध्ये ‘जूडास अँड द ब्लॅक मसाया’च्या डॅनियल कलूया आणि लकीथ स्टॅनफिल्ड या दोघांनाही सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं. मग त्या सिनेमात नायक होता कोण, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

विजेत्यांकडे वळल्यावर नियम बदलतो आणि लोक नेमके इथे फसतात. बावीस-तेवीस विभागांत साधा हिशोब: सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र २०१० च्या सोहळ्यापासून पुन्हा पसंतीक्रम आला. ‘द डार्क नाइट’ला आदल्या वर्षी त्या यादीत जागा न मिळाल्यानं बराच गदारोळ झाला होता, त्या पार्श्वभूमीवर नामांकनं पाचावरून दहा झाली आणि त्यासोबत ही मोजणी आली. इथे जागा एकच, त्यामुळे निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत तळाचे सिनेमे बाद करत जायचं.

शंभर पत्रिका धरा. शेवटी तीन सिनेमे उरले: पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे ३२, तिसऱ्याकडे २८. तिसरा बाद. त्याच्या २८ पैकी २० जणांनी पुढची पसंती दुसऱ्याला दिली होती, ८ जणांनी पहिल्याला. दुसरा ५२ वर गेला, पहिला ४८ वर अडकला. सगळ्यात जास्त चाहते असलेला सिनेमा हरला. म्हणजे नामांकनाच्या अगदी उलट: तिथे झपाटलेले चाहते लागतात, इथे शत्रू कमी असावे लागतात. ‘ला ला लँड’ची १४ नामांकनं, ‘रोमा’ची १०, ‘द पॉवर ऑफ द डॉग’ची १२, तिघांचे दिग्दर्शक त्या रात्री दिग्दर्शनाचा ऑस्कर घेऊन गेले, सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र ‘मूनलाइट’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’ ठरले. ‘कोडा’कडे फक्त तीन नामांकनं होती आणि तिन्ही त्यानं जिंकली. नामांकनांची संख्या मोजून चित्रपटाचं भाकीत करू नका, हे सांगायला यापेक्षा मोठा पुरावा नको.

म्हणूनच मी निर्मात्यांच्या संघटनेचा, म्हणजे पीजीएचा निकाल सगळ्यात वर ठेवतो. तेही याच पसंतीक्रमानं मोजतात. ही मोजणी दोन्हीकडे सुरू झाल्यापासून २०२५ च्या सोहळ्यापर्यंत सोळा वर्षांत पीजीएचा विजेता तेरा वेळा ऑस्करला जुळला (एका वर्षी पीजीएत बरोबरी झाली होती, त्यातला एक ऑस्कर जिंकला). चुकलेले तिघे: ‘द बिग शॉर्ट’, ‘ला ला लँड’, ‘१९१७’. यातल्या ‘१९१७’नं डीजीए, ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा, ग्लोब सगळं खिशात घातलं होतं, तरी ‘पॅरासाइट’पुढे हरला. त्या वर्षी वेगळा इशारा एकच होता: नटांच्या संघटनेनं सर्वोत्कृष्ट कलाकारसंचाचा पुरस्कार ‘पॅरासाइट’ला दिला होता. अकादमीत सगळ्यात मोठी शाखा नटांची आहे. नटांना एखादा सिनेमा मनापासून आवडला आणि जोडीला पटकथेच्या विभागातही तो जोरात असला, तर मी थांबून पुन्हा विचार करतो.

आकडेवारीच्या जुन्या ठोकताळ्यांना मात्र फार कवटाळू नका. ‘संकलनाचं नामांकन नाही, तर चित्रपटाचा पुरस्कार नाही’ हा नियम १९८१ नंतर तेहतीस वर्षं टिकला आणि ‘बर्डमॅन’नं मोडला. ‘सॅग कलाकारसंचाच्या नामांकनाशिवाय चित्रपट जिंकत नाही’ हा ‘ब्रेव्हहार्ट’नंतर दोन दशकं चालला, मग ‘द शेप ऑफ वॉटर’, ‘ग्रीन बुक’, ‘नोमॅडलँड’ यांनी चार वर्षांत तीनदा मोडला. वर्षाला एक निकाल, म्हणजे तीस वर्षांत तीस नोंदी. एवढ्यावर सिद्धांत उभा राहत नाही. मी कुठलाही ठोकताळा वापरण्याआधी त्यामागे कारण काय, हे विचारतो. पीजीएमागे मोजणीचं कारण आहे, म्हणून तो ठेवतो.

गोल्डन ग्लोबचं वजन याच न्यायानं ठरवा. तिथे मत पत्रकार देतात; अकादमीच्या मतदारांत ते नसतात. ग्लोबचा उपयोग मंचावरच्या भाषणापुरता: एखाद्या नटीनं सभागृह जिंकलं, तर ती मतदारांच्या मनात राहते. आणि इथे तारखा बघाव्या लागतात. २०२५ मध्ये अकादमीचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी होतं. बाफ्टा १६ तारखेला झाला, सॅग २३ ला, म्हणजे मतदान संपल्यावर. बाफ्टात मायकी मॅडिसन आणि एड्रियन ब्रोडी जिंकले. सॅगला डेमी मूर आणि टिमोथी शॅलमे जिंकले, लोकांनी लगेच आपले अंदाज फिरवले. ऑस्कर मॅडिसन आणि ब्रोडीला. सॅगच्या मंचावर कोणी कितीही सुंदर बोललं असतं, तरी पेट्या तेव्हा बंद झाल्या होत्या.

अभिनयात बाफ्टाकडे लक्ष द्यायला लागल्याला आता बराच काळ झाला. २०१९ मध्ये ग्लेन क्लोजकडे ग्लोब आणि सॅग होते, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनकडे, ऑस्कर कोलमनला. २०२१ मध्ये चॅडविक बोसमनला मरणोत्तर पुरस्कार मिळणार या खात्रीनं की काय, आयोजकांनी अभिनेत्याचा पुरस्कार कार्यक्रमाच्या अगदी शेवटी ठेवला. तो बाफ्टा विजेत्या अँथनी हॉपकिन्सला मिळाला आणि हॉपकिन्स तिथे हजरही नव्हता. अकादमीत ब्रिटिश आणि एकूणच अमेरिकेबाहेरचे मतदार वाढले, हे त्यामागचं कारण. पण २०२३ मध्ये बाफ्टानं केट ब्लँचेट आणि ऑस्टिन बटलरला निवडलं आणि ऑस्कर सॅगच्या मिशेल योह आणि ब्रेंडन फ्रेझरला गेले. त्यामुळे दोघांत फाटाफूट असेल, तर मी सिनेमाच्या ताकदीकडे बघतो: ज्याचा सिनेमा चित्रपटाच्या शर्यतीत पुढे, त्याचं पारडं जड. त्याच वर्षी अँजेला बॅसेटकडे ग्लोब होता, क्रिटिक्स चॉइस होता. सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर जेमी ली कर्टिसनं नेला, कारण तिचा सिनेमा, ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’, त्या रात्री सात पुरस्कार झोडपत होता.

तांत्रिक विभागांबद्दल थोडक्यात. नामांकन त्या कामातले जाणकार करतात, विजेता मात्र सगळे निवडतात, आणि नटाला वेशभूषेतले बारकावे कळतीलच असं नाही. त्यामुळे ‘सर्वोत्तम’चं पुष्कळदा ‘सर्वांत जास्त’ होतं. रंगभूषा: नट ओळखू न येण्याइतका बदललाय का? ‘डार्केस्ट अवर’, ‘व्हाइस’, ‘बॉम्बशेल’, ‘द व्हेल’, ‘द सबस्टन्स’. वेशभूषा: जुना काळ किंवा अद्भुत जग. माहितीपटात मात्र सावध राहा. ती शाखा लोकप्रिय सिनेमाला नामांकनाच्या टप्प्यावरच गाळते. ही शाखा व्हायच्या आधी तेव्हाच्या निवड समितीनंही ‘हूप ड्रीम्स’ला असंच गाळलं होतं, त्यावरून अजून लोक चिडतात.

आपल्याकडच्या बातम्यांबद्दल एक सांगायलाच हवं. दर जानेवारीत ‘अमुक सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत’ असा मथळा येतो. ती बहुतेक वेळा पात्र सिनेमांची यादी असते, तीनशेच्या आसपास नावांची. २०२३ च्या यादीत ‘मी वसंतराव’ही होता. अमेरिकेतल्या ठरलेल्या शहरांपैकी एकात आठवडाभर प्रदर्शन करून अर्ज भरला, की त्या यादीत जागा मिळते. नामांकनाशी तिचा संबंध तेवढाच. आंतरराष्ट्रीय विभाग वेगळा: तिथे प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो, त्यातून पंधरांची शॉर्टलिस्ट निघते, मग पाच. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ हे मराठी सिनेमे भारताकडून गेले, त्यातला कुठलाच पाचांत आला नाही. भारताचे आजवर आलेत फक्त तीन, ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’. त्यामुळे ‘आरआरआर’ला किंवा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला ऑस्करनं या विभागात डावललं म्हणणं चुकीचं आहे; आपल्याच निवड समितीनं ते पाठवले नव्हते. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. फ्रान्सनं २०२३ साली ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ घरी ठेवला आणि त्यानं चित्रपट-दिग्दर्शनासह पाच नामांकनं मिळवून मूळ पटकथेचा ऑस्कर आणला. ‘नाटू नाटू’नंही असाच बाजूच्या दारानं प्रवेश केला.

राहिले लघुपटांचे तीन विभाग. मित्रमंडळींतल्या पैजा तिथेच जिंकल्या-हरल्या जातात, कारण वरचे विभाग सगळे सारखेच भरतात. आजवर मी तिथे विषयाची निकड आणि सिनेमा कोणत्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर आहे, एवढंच बघत आलो. २०२६ च्या सोहळ्यापासून मात्र अकादमीनं अट घातली आहे, की ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे सदस्यानं पाहिलेले असावेत. न बघता ओळखीच्या नावावर खूण करणारे बरेच गळतील. तेव्हा आता पाचही लघुपट स्वतः बघून मगच नाव लिहितो, आणि प्लॅटफॉर्मच्या नावाला पूर्वीइतकं वजन देत नाही.